झाडाचा झगा

माणसांना कपडे बेतणारे पुष्कळ असतात. झाडाच्या बुंध्याला टेप लावून त्याचं माप घेणारा टेलर मात्र मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच रांगेतला. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. ही त्या दोघांची हकीकत आहे, आणि एका झाडाची. सावकाश सांगतो. मास्तरांनी आयुष्यात कुठलंच काम घाईनं केलं नाही. त्यांची गोष्ट घाईनं सांगितली, तर ती त्यांच्या अंगाला बसणार नाही.

आमची वस्ती म्हणजे बैठ्या घरांच्या समोरासमोर दोन रांगा. मधे लांबट हिरवळ आणि हिरवळीच्या मधोमध ते झाड. एवढं पसरलेलं की भर दुपारी दोन्ही रांगांची दारं त्याच्या सावलीत उघडी राहत. भाजीवाली वस्तीत शिरली की आधी त्याच्याखाली टोपली टेकवायची, तोंड पुसायची, आणि मगच आरोळी द्यायची. टपालवाला तिथेच बसून पत्रं रांगेनं लावून घ्यायचा. घरात भांडण झालं की माणूस तिथे येऊन बसे, आणि उठून जाई तेव्हा अर्धं भांडण झाडाखालीच राहिलेलं असे.

पण ते झाड जेवढं देणारं, तेवढंच टाकणारं. थंडी सरत आली की पानं. बारीक, पिवळी, नखाएवढी. गवताच्या पात्यांत अशी घुसून बसत की केसांतला कोंडा परवडला. मग फुलांचा भुसा, पिसांसारखा हलका, दारातून थेट अंथरुणापर्यंत येणारा. आणि सगळ्यांत शेवटी शेंगा. काळ्या, जाड, आतून चिकट. पायाखाली आली की शेंग फुटायची आणि ओल्या साबणासारखी सरकायची.

अशाच एका शेंगेनं काकूंना पाडलं. दोरीवरचे कपडे काढायला त्या हिरवळीवरून निघाल्या होत्या. हातात चादर होती, त्यामुळे खालचं दिसलं नाही. पाय गेला तो गेलाच. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, शस्त्रक्रिया, मग कितीतरी आठवडे पुढच्या खोलीत खाटेवर. खाट खिडकीशी आणि खाटेच्या पायथ्याशी मास्तरांचं मशीन. दोघांचा संसारच त्या मशीनवर उभा राहिलेला. कापणं आणि शिवणं मास्तरांचं, काज, बटण आणि हूक काकूंचं. मास्तरांनी लावलेलं बटण त्या मुकाट्यानं काढून पुन्हा लावत, एवढी त्यांची शिस्त.

हळूहळू काकू काठी धरून घरात फिरू लागल्या. पण दाराशी आल्या की थांबत. समोर राहणारी नर्सबाई रोज येऊन त्यांना चालवायची.

"काकू, आज एक पाऊल बाहेर. फक्त एक."

"फरशीवर हवं तेवढं चालते गं. गवत दिसलं की गुडघे ऐकत नाहीत."

"गुडघे नाही ऐकत की तुम्ही नाही ऐकत?"

"आम्ही दोघी मिळून ठरवलंय," काकू म्हणायच्या आणि वळून खाटेकडे जायच्या.

मग वस्तीची सभा झाली. आमचा सेक्रेटरी तसा भला माणूस, पण सगळं एका दमात मिटवून टाकायची त्याला हौस. तो म्हणाला, झाड तोडायचं. आज काकू पडल्या, उद्या आणखी कुणी पडेल. लोकांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात झाडाबद्दल वाईट नव्हतं, पण काकूंच्या नावापुढे बोलणार कोण?

मास्तर घरी आले आणि त्यांनी बातमी सांगितली. त्यांना वाटलं, बायकोला बरं वाटेल.  काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "एवढे दिवस मी खाटेवर पडून कोणाकडे बघत होते, ठाऊक आहे?"

"कोणाकडे? माझ्याकडे."

"तुमची पाठ असते मशीनवर. मी त्याच्याकडे बघत होते. सकाळी त्याची पानं उघडतात, संध्याकाळी मिटतात. मी दिवस त्याच्यावर मोजला. आणि आता ते माझ्या नावावर पाडणार? अहो, मग या खिडकीतून मी बघू कशी? तिथली रिकामी जागा मला रोज विचारेल, बरी झालीस ना आता?"

मास्तरांनी आयुष्यात कधी केर काढला नव्हता. चिंध्या पडायच्या त्यासुद्धा काकूच गोळा करायच्या. पण त्या संध्याकाळी ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"घरी हिला झाड हवंय. झाडाचा कचरा मी बघतो. हिरवळ स्वच्छ राहील."

सेक्रेटरी हसला. "मास्तर, तुम्ही? झाडू कुठल्या बाजूनं धरायचा, हे तरी माहीत आहे का?"

"कैची धरायला शिकलो, तसा झाडूही शिकेन. मला येणारा एक हंगाम द्या."

सेक्रेटरीनं हनुवटी खाजवली. "बरं. पानं गळतील, शेंगा पडतील, तेव्हा बघू. हंगामाच्या शेवटी इथेच झाडाखाली सभा घेऊ आणि हात वर करून ठरवू. पण मधे एकजण जरी घसरला, किंवा हिरवळीचा उकिरडा झाला, तर सभेचीही वाट बघणार नाही. मग काकूंचंसुद्धा ऐकणार नाही."

"चालेल," मास्तर म्हणाले. परत येताना झाडाखालून आले आणि वर बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की हे अंगावर घेतलेलं गिऱ्हाईक फार मोठं आहे.

थंडी सरली आणि पानं सुटली. मास्तर झाडू घेऊन उतरले. झाडूनं पानं पुढे जायच्याऐवजी गवतात खोल बसली. मग कुणाकडून तरी दातेरी पंजा आणला. पंज्यानं पानं निघाली, पण त्याबरोबर गवतही मुळासकट आलं. काकूंचा धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता. सुट्टीच्या दिवशी बहिणीला भेटायला यायचा आणि भाऊजींची चेष्टा करायची एकही संधी सोडायचा नाही.

"भाऊजी, हजामत छान चाललीय. पण गिऱ्हाइकाची मान कापू नका म्हणजे झालं."

"तू आत जाऊन बहिणीशी गप्पा मार."

"तिनंच पाठवलंय. म्हणाली, बघून ये, हिरवळ राहिलीय का."

 त्या रात्री जेवताना मास्तर घास हातात घेऊन एकदम म्हणाले, "पडल्यावर कशाला उचलायचं? पडायच्या आधीच खाली कापड पाहिजे."

घरात अस्तराच्या कापडाचा गठ्ठा पडून होता. मास्तरांनी तुकडे जोडून भली मोठी चादर केली आणि झाडाखाली अंथरली. पानं गवतात न जाता कापडावर पडू लागली. मास्तर खूश. पण अस्तराचं कापड गुळगुळीत. दुपारी वारा आला, चादरीनं पोट फुगवलं, उठली, आणि थेट सेक्रेटरीच्या घरावर जाऊन पसरली. आत सेक्रेटरीची बायको भरदिवसा अंधार झाला म्हणून दिवा लावायला उठली.

मास्तरांनी चादर आणली आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. आणि मग ती तशीच राहू दिली. पलंगावर एकदा चादर घातली की रोज कोण काढतं? त्यांचा हिशेब साधा होता. आठवड्यानं चादर उचलली, तर खाली गवत पिवळंफटक. आणि तेही कसं? कडा एकदम सरळ, कोपरे काटकोनात. हिरवळीवर कुणी पिवळं ठिगळ लावावं तसं.

सेक्रेटरी येऊन उभा राहिला. ठिगळाभोवती एक फेरी मारून परत गेला. त्याची ती फेरीच मास्तरांना लागली. घरी येऊन ते मशीनपुढे नुसते बसून राहिले.

काकू खिडकीतून सगळं बघत होत्या. "कापड कोंडतंय," त्या म्हणाल्या. "खालच्याला श्वास पाहिजे. तुम्ही लहान मुलाला झोपवताना अंगावर अस्तर टाकाल का?"

"मग काय टाकू?"

काकूंनी काठीनं वर दाखवलं. खाटेवरची मच्छरदाणी.

मास्तर उठले. त्या दिवशी त्यांच्या अंगात जे संचारलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. टेप गळ्यात, खडू कानावर. झाडाजवळ गेले आणि बुंध्याला टेप लावली. टेप पुरली नाही, म्हणून दोरी घेतली. मग बुंध्यापासून फांदीच्या टोकाखालपर्यंत चालत गेले, चारही दिशांनी, आणि प्रत्येक दिशेचं माप वेगळं लिहिलं, कारण झाड पूर्वेकडे जरा जास्त झुकलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

"मास्तर, काय शिवताय?"

"झगा."

"कोणाला?"

मास्तरांनी बुंध्यावर थाप मारली. "हिला. कंबर आणि उंची बघताय ना? तयार कपडा मिळणार नाही."

जुन्या मच्छरदाण्या घराघरांतून आल्या. काही विरलेल्या, काही नुसत्याच पडून राहिलेल्या. मास्तरांनी त्यातल्या धडक्या निवडल्या आणि घेरदार झग्याला कापतात तशा कळ्या कापल्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद. बुंध्याभोवती गळा आणि खाली पार हिरवळभर घेर. खालच्या दुमडीत वाळूच्या बारीक पिशव्या शिवल्या, म्हणजे वाऱ्यानं उचलायला नको. जाळीतून ऊन खाली जात होतं, वारा जात होता. पान तेवढं वर राहत होतं.

पण सगळा झगा त्यांनी एकसंध शिवला होता. दुहेरी शिवण, मास्तरांची खास. आयुष्यभराचा अभिमान त्या शिवणीत. पहिल्याच सकाळी दवानं पानं भिजली, झगा जड झाला, आणि मास्तर आणि मेहुणा दोघांनी जोर लावूनही तो हलेना. ओढला तर खालचं गवत उपटून येऊ लागलं.

"भाऊजी, बस भरली. आता कुणाला तरी खाली उतरवा," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

आत काकू म्हणाल्या, "उसवा. कळी न् कळी वेगळी करा."

मास्तरांचा चेहरा पडला. "माझी शिवण उसवायची? या शिवणीवर लोकांनी लग्नं केली आहेत."

"अहो, कोट पुढून उघडा का ठेवता? डोक्यातून घालावा लागला, तर कोण घालेल? ते झाड तुमच्यासमोर हात वर करणार आहे का?"

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. पाठ वळवून म्हणाले, "मी बघणार नाही. तू उसव."

काकूंनी उसवलं. झगा मांडीवर ओढून घेत, टाका टाका सोडत. पुढचे कितीतरी दिवस त्या खाटेवर बसून प्रत्येक कळीच्या कडेला हूक लावत होत्या. दुसऱ्या कळीला दोऱ्याचे फासे, वर गळ्यापासून खाली दुमडीपर्यंत. हूक त्यांनी उलटा बसवला होता, म्हणजे वाऱ्यानं ओढलं तर आणखी घट्ट बसेल. सोडायचा तर आधी दोन्ही कडा एकमेकींकडे न्यायच्या, मग उचलायचं. पडल्यापासून त्यांच्या हातात हे पहिलं काम आलं होतं. नर्सबाई म्हणायची, त्या दिवसांत औषधाची आठवण करावी लागली नाही.

आणि मग झगा चालू लागला. खरंच सांगतो, चालू लागला. रोज सकाळी मास्तर हूक सोडायचे, एकेक कळी गोळा करून मागच्या भिंतीलगतच्या खड्ड्यात रिकामी करायचे, दुपारपर्यंत हिरवळ मोकळी ठेवायचे, आणि मग झाडाला पुन्हा झगा घालायचे. पिवळं ठिगळ हिरवं झालं. पानं संपली. भुसा आला, तोही जाळीवर थांबला. शेंगा सुरू झाल्या. टप, टप, जाळीवर. कोणी घसरलं नाही. लोक आता बाहेरगावच्या पाहुण्यांना मुद्दाम झाड दाखवायला आणू लागले. कुणी विचारलं की मास्तर छाती काढून म्हणायचे, "कापणं माझं, हूक हिचे."

सभेचा दिवस उजाडला. रविवार होता. झाडावर उंच टोकाला शेंगांचे घोस अजून लटकत होते, पण आठवडाभर त्यांनी तग धरला होता, तेव्हा आणखी एक दिवस धरतील असं सगळ्यांना वाटलं. खुर्च्या मांडायच्या म्हणून मास्तर झगा काढायला निघाले, तेवढ्यात आभाळ मातकट झालं आणि वारा सुटला.

असा वारा मी पुन्हा पाहिला नाही. खिडक्या आपटल्या, दोऱ्यांवरचे कपडे गेले, रस्त्यावरची धूळ घराघरांत शिरली. आणि झाड अंग झाडू लागलं. राहिलेली सगळी शेंग, सगळी वाळकी काटकी, वर्षभर वर अडकलेलं सगळं एकदम खाली. आम्ही खिडक्यांतून बघत होतो. मास्तर दारात उभे होते, दोन्ही हातांनी चौकट धरून. झगा फुगला, थरथरला, पण वाळूच्या पिशव्यांनी कडा सोडली नाही. काकू खाटेवरून उठून खिडकीशी आल्या होत्या. 

वारा थांबला आणि लोक बाहेर आले. बाहेरचा रस्ता तिथल्या झाडांच्या शेंगांनी काळा झाला होता, गटारं तुंबली होती, वस्तीबाहेरचा चौक तर ओळखू येत नव्हता. आणि हिरवळीवर सगळं त्या झग्यात. ढीगच्या ढीग.

"पाचला सभा आहे," सेक्रेटरी म्हणाला. त्याचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "हे उचलल्याशिवाय कुणी बसणार कुठे?"

"उचलतो," मास्तर म्हणाले. पण एकट्याचं काम नव्हतं, हे दिसतच होतं. मेहुणा पुढे झाला. नर्सबाई बाह्या सारून आली. टपालवाला सुट्टी असूनही सभा बघायला आला होता, तोही पुढे झाला. मग दोन्ही रांगांतून माणसं आली. ज्याच्या हाताला जी कळी लागली, ती त्यानं धरली. आणि सगळे एकदम ओढू लागले. ओझ्यानं हूक ताणून बसलेले, ते सुटेनात. कुठेतरी जाळी चर्रकन वाजली.

"ओढू नका! फाडाल सगळं!"

काकूंचा आवाज. सगळे थबकले. काकू दारातून बाहेर आल्या होत्या. काठी हातात होती, पण टेकत नव्हत्या, तिनं वाट दाखवत होत्या. "दोन कडा एकमेकींकडे आणा आधी! अरे, गळ्यापासून सुरू करा, खालून काय करताय! बाजूला हो, कंडक्टर, तुला तिकीट फाडायचीच सवय."

त्या पायऱ्या उतरल्या. दारापुढच्या फरशीची कड ओलांडली. गवतावर आल्या. नर्सबाईनं एक हात पुढे केला आणि मागे घेतला.  काकूंचं आपलं लक्षच नव्हतं. त्या थेट बुंध्याशी गेल्या, काठी मास्तरांच्या हातात दिली, आणि पहिला हूक दोन बोटांत धरून सोडवला. मग दुसरा, मग तिसरा. फाशांमागून फासे सुटत गेले. एकेक कळी मोकळी झाली. प्रत्येक कळीचं माणसांनी गाठोडं केलं, आणि पाठीवर, खांद्यावर, पोटाशी धरलं.

मास्तर एका हातात काठी आणि एका हातात कळीचं टोक धरून उभे होते. बायकोच्या पायांकडे बघत होते.  

शेवटचा हूक सोडवून काकू सरळ झाल्या, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. पायाखाली गवत. हिरवं, ओलसर, त्यावर एक पान नाही, एक शेंग नाही. त्यांनी चपला काढल्या आणि तिथेच अनवाणी उभ्या राहिल्या.

"काकू," नर्सबाई हळूच म्हणाली, "गुडघ्यांना सांगायचं राहिलं वाटतं."

"सांगू नकोस. चालू दे त्यांचं."

पाच वाजले होते. सेक्रेटरी सभेचा माणूस, त्याला वेळेचं फार. गाठोडं पोटाशी धरूनच त्यानं घसा साफ केला. "मंडळी, ठरल्याप्रमाणे सभा सुरू करतो. एकच विषय आहे. हे झाड तोडावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

त्यानं दोन्ही रांगांकडे बघितलं. सगळी वस्ती उभी होती, आणि ज्याच्या त्याच्या दोन्ही हातांत शेंगांनी भरलेली एकेक कळी होती. हात कोणाचाच मोकळा नव्हता. त्याचा स्वतःचासुद्धा नाही.

"बरं मग," सेक्रेटरी म्हणाला, "हे रिकामं कुठे करायचं?"

मास्तरांनी काठीनं मागच्या भिंतीकडे बोट दाखवावं तसं दाखवलं, आणि सगळी वस्ती गाठोडी घेऊन त्यांच्या मागोमाग निघाली.